फोटो पिवळा आला, म्हणून फाइल पुसू नका!

नवा कॅमेरा घेताना पैसे कशावर खर्चावेत, लेन्स कोणती निवडावी आणि 'रॉ' नावाच्या कच्च्या फाइलची उठाठेव घरातल्या माणसाने करावी का?

इंदूरला बहिणीच्या घरी भाचीची हळद होती. डिसेंबर २०१९ मधली गोष्ट. अंगणात पिवळ्याधमक कापडाचा मंडप घातलेला, वर दुपारचे ऊन आणि खाली पाटावर बसलेली भाची. ८४ वर्षांची आमची आई काठी टेकत आली, वाकली आणि थरथरत्या हाताने तिने नातीच्या गालाला हळद लावली. सगळा प्रसंग सात-आठ सेकंदांचा. माझ्या हातात दोनच महिन्यांपूर्वी घेतलेला नवा कॅमेरा होता. मी लागोपाठ पाच फोटो काढले.

रात्री लॅपटॉपवर पाहते तो काय, पाचही फोटोंत सगळी माणसे पिवळीजर्द! कावीळ झाल्यासारखे चेहरे, आईची पांढरी साडी पिवळी आणि गालावरची हळद तर कुठे दिसेचना. संगणकावर पिवळा रंग कमी करून पाहिला, तेव्हा चेहरे राखाडी आणि डागाळलेले दिसू लागले. आईच्या कपाळावरच्या सुरकुत्यांच्या जागी नुसते ठिगळासारखे चौकोन.

त्या क्षणी माझ्या शेजारी भावाचा मुलगा उभा होता. त्याच्याकडे कुणीतरी वापरून विकलेला, माझ्या कॅमेऱ्याच्या निम्म्याहून कमी किमतीचा जुना डीएसएलआर होता. त्याचा फोटोही तितकाच पिवळा आला होता.

"आत्या, हा मी पुसणारच होतो," तो म्हणाला, "पण रॉमध्ये काढलाय. थांब, बघू या."

त्याने फोटोतल्या साडीच्या पदरावर एक टिचकी मारली आणि संगणकाला जणू सांगितले, की हा पदर पांढरा आहे. मंडपाचा पिवळा रंग उतरला. आईचा गव्हाळ रंग परत आला, भाचीच्या गालावर बोटांचे चार पिवळे पट्टे उमटले. फोटोत थोडे दाणे दिसत होते, पण माणसे माणसांसारखी दिसत होती.

२०२१ मध्ये आई गेली. भावाच्या घरी दिवाणखान्यात लावलेला तिचा फोटो तोच आहे. माझे पाचही फोटो अजून माझ्याकडे आहेत. ते मी कुणाला दाखवत नाही.

भाजी आणि तयार भाजी

कॅमेऱ्याच्या आत, जिथे पूर्वी फिल्म असायची तिथे, सेन्सर नावाची पातळ चकती असते. तिच्यावर प्रकाश मोजणारे कोट्यवधी सूक्ष्म ठिपके असतात. गंमत अशी, की या ठिपक्यांना रंग कळतच नाही, फक्त उजेड कमी की जास्त एवढेच कळते. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची चिमुकली काच बसवतात. अर्धे ठिपके हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. ही रचना कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर या शास्त्रज्ञाची. तिचे पेटंट त्यांना १९७६ साली मिळाले. त्याच कंपनीत त्याच्या आदल्याच वर्षी स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला होता. त्याचे वजन होते सुमारे ३.६ किलो आणि एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइल फोनमध्ये बायर यांचीच जाळी वापरतात.

या ठिपक्यांनी मोजलेले आकडे जसेच्या तसे साठवले, की झाली रॉ फाइल. रॉ म्हणजे कच्ची. ती अजून चित्र नसतेच. बाजारातून आणून निवडून, धुऊन ठेवलेल्या भाजीसारखी ती असते. जेपेग म्हणजे आपण नेहमी पाहतो ती फोटोची फाइल. ती फोडणी देऊन, मीठ-मसाला घालून शिजवलेली भाजी. कॅमेरा स्वतःच स्वयंपाकी होतो. प्रकाश कोणता होता याचा अंदाज तो बांधतो, रंग ठरवतो, कडा धारदार करतो, फाइल लहान करण्यासाठी बारीकसारीक तपशील काढून टाकतो आणि उरलेले आकडे फेकून देतो. बहुतेक वेळा हा स्वयंपाक चांगलाच जमतो. पण एकदा मीठ जास्त पडले, की ते काढता येत नाही.

आता इंदूरच्या मंडपात नेमके काय झाले? पिवळ्या कापडातून लाल आणि हिरवा प्रकाश खाली येतो, निळा मात्र वरच्या वर अडतो. त्यामुळे निळ्या ठिपक्यांना फारच थोडा उजेड मिळाला. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला अंधारापासून उजेडापर्यंत फक्त २५६ पायऱ्या असतात. आधीच क्षीण असलेला निळा अगदी तळच्या दोन-चार पायऱ्यांत चिरडला गेला. रॉ फाइलमध्ये, १४ बिटांच्या कॅमेऱ्यात, याच पायऱ्या १६,३८४ असतात. तिथे निळा क्षीण असला, तरी शेकडो पायऱ्यांवर पसरलेला होता. भाच्याने तो वर ओढला, तेव्हा त्यातून कपाळ आणि सुरकुत्या सापडल्या. माझ्या फाइलमध्ये ओढायला काही उरलेच नव्हते.

माझ्या कॅमेऱ्यातही रॉची सोय होती. मेनूमध्ये ती चालू करण्याचे कष्ट मी घेतले नव्हते, इतकेच.

अर्थात रॉ म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. हललेला फोटो त्याने स्थिर होत नाही. नाकाऐवजी मागच्या तोरणावर फोकस झाला असेल, तर तो तोरणावरच राहतो. पांढऱ्या शुभ्र होऊन गेलेल्या आकाशात ढग नव्याने येत नाहीत. आणि चारशे फोटो एकामागून एक शिजवत बसायला वेळही हवा. म्हणून मी बहुतेकांना सांगते, की मेनूमध्ये 'रॉ अधिक जेपेग' हा पर्याय निवडा. जेपेग लगेच नातेवाइकांना पाठवा, रॉ नुसती ठेवून द्या. शंभरातले पाच-सात फोटोच असे असतात, की ज्यांच्यासाठी ती उघडावी लागते. पण कोणते पाच-सात, हे आधी कळत नाही. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही रॉची सोय असते आणि ॲपलने २०२० साली आपल्या प्रो फोनमध्ये ती आणली. तेव्हा हा प्रश्न फक्त मोठ्या कॅमेऱ्यांचा राहिलेला नाही.

आधी लेन्स, मग कॅमेरा

दुकानात गेलो, की आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती मेगापिक्सेल?" साडी घेताना पोत न पाहता नुसती लांबी विचारावी, तसा हा प्रश्न आहे. साधा हिशेब करून पाहा. आठ बाय बारा इंचांचा उत्तम छापील फोटो हवा असेल, तर दर इंचाला ३०० ठिपके धरून ८६ लाख ठिपके, म्हणजे नऊ मेगापिक्सेलही लागत नाहीत. बारा बाय अठराच्या मोठ्या फ्रेमसाठी सुमारे साडेएकोणीस लागतात. फोर-के टीव्हीचा पडदा तर जेमतेम आठ मेगापिक्सेलचा असतो. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घरासाठी पुरून उरतो. त्याहून अधिक ठिपक्यांनी तुमच्या हार्ड डिस्का तेवढ्या लवकर भरतील.

पैसे खर्चायचेच, तर लेन्सवर खर्चावेत. त्याच लग्नात संध्याकाळी हॉलमध्ये सीमांतपूजन होते. माझ्या कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सने मुलीचे हात, ओवाळणारे ताट, सगळे फराटल्यासारखे आले. कारण साधे आहे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८ ते ५५ एमएमची लेन्स पुढे ओढली, की तिचे तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० एमएमची एफ १.८ लेन्स त्याहून साडेनऊ पट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे माझा कॅमेरा सेकंदाच्या विसाव्या भागाइतका वेळ डोळा उघडा ठेवत होता, तिथे भाच्याच्या कॅमेऱ्याचे काम दोनशेव्या भागात जवळजवळ उरकत होते. हलता हात विसाव्या भागात फराटतो, दोनशेव्या भागात बहुधा थांबलेला दिसतो. कंपन थांबवणारी लेन्स घ्या असे दुकानदार सांगतात. ते उपयोगी आहेच, पण ती लेन्स तुमच्या हाताचे कंपन थांबवते, ओवाळणाऱ्या वहिनींचा हात नव्हे!

एफचा आकडा लहान तेवढे लेन्सचे तोंड मोठे, हा उलटा हिशेब प्रथम गोंधळात टाकतो. तो एकदा डोक्यात बसला, की निम्मे काम झाले. आता याचीही एक किंमत मोजावी लागते. एफ १.८ वर जवळून चेहरा टिपला, तर डोळे लख्ख आणि कान धूसर होतात. एकट्या माणसाला ते शोभते. तीन रांगांच्या एकत्र फोटोत मात्र मागच्या रांगेतले काका रुसतात. तिथे एफ ५.६ किंवा ८ वर या.

५० एमएम एफ १.८ ही बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक असते, हे नवशिक्यांना खरे वाटत नाही. पण घेण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर किती मोठा ते पाहा. जुन्या फिल्मएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा असेल, तर त्याला फुल फ्रेम म्हणतात. बहुतेक परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत त्याहून लहान, एपीएस-सी नावाचा सेन्सर असतो. त्यावर ५० एमएमची लेन्स ७५ ते ८० एमएमसारखी वागते. चेहऱ्यांसाठी ती फार छान, पण दहा बाय बाराच्या खोलीत बाळाच्या बारशाला तुम्हाला पाठ भिंतीला टेकवून उभे राहावे लागेल. लहान घर असेल तर ३५ एमएम घ्यावी. मोठा सेन्सर अंधारात अधिक चांगले काम करतो हे खरे, पण त्याच्या लेन्सा जड आणि महाग असतात. फुल फ्रेम कॅमेरा आणि स्वस्त, अंधारी लेन्स या जोडीपेक्षा एपीएस-सी आणि चांगली लेन्स ही जोडी मी केव्हाही निवडीन.

सोयरीक जुळवताना

कॅमेऱ्याच्या तोंडावर जिथे लेन्स बसते त्या कड्याला माउंट म्हणतात. बहुतेक कंपन्यांचे माउंट वेगळे. तेव्हा कॅमेरा घेणे ही एका घराण्याशी सोयरीक आहे असे समजा. कॅमेरा पाच-सात वर्षांनी बदलेल, लेन्सा वीस-वीस वर्षे राहतील. निकॉनचे एफ माउंट १९५९ पासूनचे, कॅननचे ईएफ १९८७ पासूनचे. २०१८ साली दोघांनीही आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवी माउंट आणली, निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ. सोनीचे ई माउंट २०१० पासून आहे. जुन्या ईएफ लेन्सा जोडकडे लावून आरएफ कॅमेऱ्यावर उत्तम चालतात. पण कॅननचेच ईएफ-एम हे छोटे माउंट २०१२ साली आले आणि २०२३ साली बंद झाले. त्याच्या लेन्सा आरएफवर बसत नाहीत. सेकंड हँड बाजारात असा कॅमेरा स्वस्त दिसला, तर तो का स्वस्त आहे हे ओळखा.

दुसरी मेख निकॉनची. बाबांच्या किंवा काकांच्या फिल्मच्या काळातल्या, नावात 'एएफ' आणि शेवटी 'डी' असलेल्या लेन्सा अनेक घरांत पडून आहेत. त्यांच्यात फोकस फिरवणारी मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती नाही. झेड कॅमेऱ्यांसाठी निकॉनने काढलेल्या एफटीझेड जोडकड्यातही नाही. लेन्स बसते, फोटो येतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. शांत बसलेल्या आजोबांसाठी ते चालेल, धावणाऱ्या नातवंडासाठी नाही.

जुना डीएसएलआर घ्यायला मी मुळीच नाही म्हणणार नाही. उलट मर्यादित पैशांत तोच शहाणपणाचा सौदा ठरू शकतो. मात्र त्याचे शटर किती वेळा उघडले आहे, तो आकडा विकणाऱ्याकडून मागून घ्या. साध्या कॅमेऱ्यांचे शटर साधारण एक लाख वेळा उघडझाप करण्याच्या हिशेबाने बनवतात. लेन्स उजेडासमोर धरून आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले, तर ती बुरशी. आणि नवा कॅमेरा घेताना बिल व भारतातली वॉरंटी असल्याशिवाय चार पैसे स्वस्त मिळतो म्हणून भुलू नका.

बुरशीवरून आठवले. कोकण, गोवा, मुंबई, कोलकाता, केरळ, जिथे पाऊस भिंतीतून घरात येतो, तिथे लेन्सचा खरा शत्रू धूळ नसून ओल आहे. सुंदर चामडी पिशवीत लेन्स घालून कपाटात ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणेच, कारण चामडे ओल धरून ठेवते. रबराची कडा असलेला घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५०च्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला, की ते गरम करून पुन्हा वापरता येते. रंग बदलणारे निळे जेल मात्र टाळा, त्यातले कोबाल्ट आरोग्याला चांगले नाही. नारिंगी मिळते. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून दहा-वीस फोटो काढा. वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

फाइल सांभाळणे हेच मोठे काम

भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी १९७०च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवला. त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१० साली भरले, चाळीस वर्षांनी. निगेटिव्ह आणि छापील फोटो टिकले होते, म्हणून ते शक्य झाले. आपल्या रॉ फाइली याच आपल्या निगेटिव्ह. फरक एवढाच, की निगेटिव्ह डब्यात विसरली तरी राहते. हार्ड डिस्क विसरली, तर दहा वर्षांनी ती चालू होईल याची खात्री कुणी देत नाही.

म्हणून समारंभ झाला, की त्याच रात्री कार्डातले फोटो दोन ठिकाणी उतरवा. दोन्हीकडे नीट उघडतात हे पाहा, तोवर कार्ड पुसू नका. मी आता लग्नाला दोन कार्डे नेते आणि भरलेले कार्ड उलटे करून डबीत ठेवते, म्हणजे घाईत तेच पुन्हा कॅमेऱ्यात जात नाही. फोल्डरला 'नवीन फोटो', 'नवीन फोटो २' अशी नावे देण्याची सवय सोडा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि पुढे प्रसंग. '२०१९-१२ इंदूर हळद' हे नाव संगणकही ओळीने लावतो आणि आपल्यालाही समजते.

नंतर निवड. इथे मन घट्ट करावे लागते. डोळे मिटलेले, हललेले, एकाच पोझचे सात, हे सगळे काढून टाका. पण केवळ रंग बिघडला किंवा फोटो काळोखा आला म्हणून रॉ फाइल पुसू नका. आधी उघडून पाहा.

ती उघडण्यासाठी महागडी प्रणाली विकत घ्यायला हवी असे नाही. कॅनन, निकॉन, सोनी या कंपन्या स्वतःच्या कॅमेऱ्यांसाठी प्रोग्राम मोफत देतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे सर्वांसाठी मोफत आहेत. ॲडॉबीच्या लाइटरूमला वर्गणी पडते. पहिल्यांदा फक्त तीनच गोष्टी शिका, पांढऱ्याचा तोल, उजेड कमी-जास्त करणे आणि सावल्या उघडणे. बाकीच्या पन्नास कळांना वर्षभर हात लावला नाही तरी बिघडत नाही. तुम्ही केलेले बदल रॉ फाइलमध्ये लिहिले जात नाहीत. ते शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये किंवा प्रोग्रामच्या स्वतःच्या नोंदवहीत राहतात. मूळ फाइल अस्पर्शच राहते. म्हणून फोल्डर दुसरीकडे हलवताना या छोट्या पिल्लांनाही बरोबर न्या, नाहीतर तासभर केलेले काम मागे राहते.

नवा कॅमेरा आणि जुना प्रोग्राम यांचे जमत नाही, ही आणखी एक अडचण. दरवेळी नव्या कॅमेऱ्याची रॉ थोडी वेगळी असते. अशा वेळी ॲडॉबीचे मोफत डीएनजी कन्व्हर्टर उपयोगी पडते. डीएनजी हा २००४ साली आणलेला, सर्वांसाठी खुला असलेला रॉचा प्रकार आहे.

जागेचे गणितही करून ठेवा. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबी होते. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. गुगलच्या मोफत १५ जीबीत अशा सहाशेही फाइली मावणार नाहीत. शिवाय तिथे ईमेलही असतात. व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला, तर तो दाबून लहान होतो. मूळ फाइल पाठवायची असेल, तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घरासाठी सर्वांत स्वस्त उपाय दोन बाहेरच्या हार्ड डिस्कांचा. एक आपल्या घरी आणि दुसरी दुसऱ्या घरी, कारण चोर, आग आणि पाणी दोन्ही घरांत एकाच दिवशी सहसा जात नाहीत. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सफाईत, दोन्ही डिस्का लावून पाहायच्या.

आमची दुसरी डिस्क भावाकडे असते, त्याची माझ्याकडे. गेल्या दिवाळीत भाच्याने ती लावली आणि हळदीची फाइल पुन्हा उघडली. २०१९ मध्ये फोटोत जे दाणे दिसत होते, ते आताच्या नव्या प्रोग्रामने बरेच काढून टाकले. आईच्या हातातल्या काठीवर गुंडाळलेली दोरी तेव्हा कुणाला दिसली नव्हती. ती बाबांनी बांधली होती, मूठ घसरू नये म्हणून. त्याने नव्याने बारा बाय अठराचा फोटो छापून घेतला आणि या वेळी एक प्रत मलाही पाठवली.